बाराव्या कार्डाची ओळख

माझं काम होतं लोकांची पत्रं वाचायची आणि वाचून गप्प बसायचं. पहिला भाग मला आवडायचा. दुसरा मला जन्मात जमलेला नाही, आणि कंपनीनं मला नेमलं होतं ते नेमकं त्याच्यासाठी.

कंपनी म्हणजे नाशिकची 'पायवाट गेम्स'. आमचा एकच खेळ चालायचा, पण धो धो चालायचा. त्याचं नाव 'घाटवाट'. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादायच्या, सह्याद्रीचा एखादा घाट चढायचा, वर पोचून धान्य भरायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. ऐकायला काहीच नाही. पण जगभरात चार कोटी माणसं हे करत होती, आणि त्यांतली चार हजार दर आठवड्याला आम्हाला लिहायची. खेळात काय चुकलंय, काय हवंय, आपण असतो तर काय केलं असतं. खेळणाऱ्याइतका खेळावर जीव कोण लावणार?

ही पत्रं खेळ रचणाऱ्यांच्या नजरेला पडू द्यायची नाहीत, यासाठी मी होते. असं का, ते सांगते.

आपल्याला ओळखीचं काही दिसलं की मेंदू दचकतो. फार नाही, एवढंसं. सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा उलटतो न उलटतो तोच डोक्यात विजेची एक बारीक लहर उठते. बाजारात चुलत बहीण दिसली की तिचं नाव आठवायच्या आत आपण थबकतो ना, ते हेच. ही लहर दाबून ठेवता येत नाही. तोंडानं खुशाल म्हणा की मी हे कधी पाहिलं नाही, लहर उठायची ती उठतेच. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण ती मोजायची तर डोक्याला ओला लेप, तारांचं जंजाळ आणि एकच चित्र पन्नास वेळा दाखवायचं. मग कपाळाला बांधायची पट्टी निघाली. रुमालाएवढी, कोरडी, आणि दोन वेळा दाखवून नेमकं सांगणारी. कोर्टानंही ती मानली.

तोपर्यंत कुणी म्हणालं की माझी कल्पना चोरली, तर सिद्ध करणं अवघड होतं. आता एका अर्जावर खेळ रचणाऱ्याच्या कपाळाला पट्टी बांधता येऊ लागली. लहर उठली की संपलं. दक्षिणेतली एक मोठी कंपनी नऊशे दाव्यांखाली झोपली. त्यानंतर सगळ्यांनीच भिंती बांधल्या. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर रचणारे बसायचे. त्यांना ना पत्रं, ना चाहत्यांचे गट, ना कुठली चर्चा. तळमजल्यावर मी. पत्रांत शिव्या असतात, धमक्या असतात, आत्महत्येची भाषा असते, खेळ मध्येच बंद पडल्याच्या तक्रारी असतात, म्हणून कुणीतरी वाचणं भाग होतं. कल्पना सापडली की मी ती बाजूला काढायची, तिचे तुकडे करून कार्डं बनवायची आणि कपाटात बंद करायची. नव्या खेळाआधी रचणाऱ्यांना पट्टी बांधून ती कार्डं दाखवली जायची, कुणाच्या डोक्यात काही शिरलेलं नाही ना, हे पाहायला. आणि पत्र लिहिणाऱ्याला यंत्राकडून उत्तर जायचं, 'आपलं पत्र न वाचता नष्ट करण्यात आलं आहे.' मी वाचलेलं असायचं. दोन-दोनदा वाचलेलं असायचं.

तिसऱ्या मजल्याला ऑफिसात सगळे 'सोवळं' म्हणायचे. मी लिफ्टजवळ दिसले की कुणीतरी हसत ओरडायचं, "अगं लांब हो, विटाळ होईल!" गमतीनंच. पण मी सरवदे. माझ्या पणजीनं हा शब्द गमतीत ऐकलेला नव्हता. मी पहिल्याच महिन्यात सांगितलं की मला हा शब्द चालणार नाही. तेव्हापासून माझ्यासमोर म्हणायचे बंद झाले, मागून म्हणत असतील.

आणि त्या सोवळ्यात मुख्य रचनाकार कोण? माझी सख्खी थोरली बहीण, विशाखा. मी आणि ताई एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. एका ताटात जेवलेल्या बहिणी, पण गेली दोन वर्षं 'आज ऑफिसात काय झालं' हा प्रश्न आमच्या घरात बंद. मी एखादं पत्र आठवून हसले तर ताई उठून गॅलरीत जायची. आम्ही भाजीवर बोलायचो, पाण्यावर बोलायचो, आईच्या गुडघ्यावर बोलायचो.

*

ऑक्टोबरात 'घाटवाट दोन'ची पडताळणी झाली. दिवाळीला खेळ बाजारात यायचा होता. मी कपाटातून कार्डं दिली आणि खाली येऊन बसले. तासाभरानं कायदा विभागाचे कोठावदे स्वतः खाली आले. हा माणूस कधी जिना उतरत नाही.

"संघमित्रा, पत्र क्रमांक एकतीस हजार चारशे सात. बारा कार्डं. विशाखाला बाराच्या बारा ओळखीची निघाली."

मला ते पत्र पाठ होतं. इगतपुरीच्या मालन दत्तू तुपे यांचं, जानेवारीत आलेलं.

'मी रुग्णवाहिकेवर सिस्टर आहे. घाटात गाडी उलटली की आम्ही पोचायच्या आधी कुणीतरी माणूस बाहेर काढलेला असतो, जखमेला रुमाल बांधलेला असतो. मग ते लोक निघून जातात. वाचलेला माणूस मला विचारतो, सिस्टर, ते कोण होते? मी काय सांगू? तुमच्या खेळात बैल बसला की माणूस एकटाच संपतो. असं नसतं हो. सावड ठेवा.'

पुढे सावड, म्हणजे शेतकऱ्यांमधली कामाची देवघेव, खेळात कशी ठेवायची ते तिनं नीट लिहिलं होतं. अडलेल्यानं हाक मारायची नाही, ज्याला दिसेल त्यानं आपला बैल घेऊन जायचं. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्यानं दुसऱ्या एकबैल्याशी जोडी करायची. दिवसाला दिवस. शेवटी एक गोष्ट होती. मदत करणारा आपल्या बैलाची एक घंटा अडलेल्याच्या बैलाला बांधून जाईल. ती परत द्यायची नाही. पुढे आपण कुणाला मदत केली की ती त्याच्या बैलाला बांधायची. शंभर घाटांनंतर कुणाची घंटा कुणाकडे वाजतेय, काही कळणार नाही.

'घाटवाट दोन'मध्ये काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. कोठावद्यांनी तेव्हा सांगितलं. सावड. घंटेसकट.

"आठ दिवसांनी समिती बसेल," ते म्हणाले. "दोष ठरला तर विशाखाची ओळख-नोंद सगळ्या कंपन्यांकडे जाईल. मग तिला कुठेच खेळ रचता येणार नाही. तुम्ही दोघी एका घरात राहता, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं."

"मी तिला अक्षरानं सांगितलेलं नाही."

"मग कुणी सांगितलं?"

मला राग आला. मी म्हणाले, "सर, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे! सावड काय त्या बाईनं शोधली? आमच्या आजोबांनी जन्मभर केली ती."

"असेल. पट्टीला आजोबा दिसत नाहीत," असं म्हणून ते वर गेले. खोचक वाटलं, पण त्यात खोट नव्हती. पट्टी एवढंच सांगते की हे ओळखीचं आहे. कुठून ओळखीचं, ते तिला कळत नाही.

घरी ताईनं एकदाच विचारलं, "मित्रा, झोपेत, तापात, कधी काही बोललीस का माझ्याजवळ?"

"आईशप्पथ नाही."

"मग झालं," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी ठरवलं की हा विश्वास मी समितीच्या टेबलावर सिद्ध करून दाखवीन.

*

पट्ट्या माझ्याच कपाटात असायच्या. एक पिशवीत घातली. नियमात बसत नव्हतं, पण नियमात बसून ताई वाचणार नव्हती. आधी आमच्या इमारतीतल्या पाच जणांना बसवलं, सगळे शहरात वाढलेले. बारा कार्डं आणि त्यांत मिसळलेली अठ्ठेचाळीस खोटी कार्डं. पाचही जणांच्या रेघा सपाट, म्हणजे ओळख नाही. मग एसटीनं सिन्नर आणि तिथून जीपनं आमचं गाव, खैरदरा.

समाजमंदिराच्या ओट्यावर मी दुकान मांडलं. सत्तरीच्या पुढची दहा माणसं गोळा केली. त्यांतल्या एकानंही 'घाटवाट' पाहिलेला नव्हता. वाचता येत नाही त्यांना कार्डं कानात ऐकवायची सोय होती. आमच्या गल्लीतले होते तसे वरच्या आळीतलेही आले होते. रंगनाथ शेळके सगळ्यांत आधी येऊन बसले. त्यांच्या वडिलांचा एक बैल आणि आमच्या आजोबांचा एक, अशी वीस वर्षं सावड चालली होती. औताला जुंपताना बैलांनी कधी जात विचारली नाही. माणसांनी मात्र आजोबांना पाणी वरून ओतलं. रंगनाथबाबांना हे माहीत आहे आणि मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत आहे.

"ह्यानं डोस्क्यातलं समदं कळतं का गं?" पट्टी बांधताना त्यांनी विचारलं.

"समदं नाही बाबा. ओळखीचं आहे का, एवढंच."

"मंग बरंय," ते म्हणाले आणि मिशीत हसले.

पहिल्या कार्डापासून लहरी उठायला लागल्या. हाक न मारता जायचं, एकबैल्यांची जोडी, दिवसाला दिवस, जेवण अडलेल्याच्या घरी. दहाही जणांना अकराही कार्डं ओळखीची. मला नाचावंसं वाटत होतं. कंपनीच्या नियमानं आख्ख्या खैरदऱ्यानं मालन तुपेंचं पत्र चोरून वाचलेलं होतं!

बाराव्या कार्डाला मात्र रेघ सपाट राहिली. दहाही जणांची. पट्टी काढल्यावर मी रंगनाथबाबांना तोंडानं विचारलं.

"घंटा बांधून जायची? आन् फेड तिसऱ्याचीच करायची?" त्यांनी मान हलवली. "आसं कुठं आस्तंय? ज्याचा दिवस त्यालाच फेडायचा. न्हाईतर त्यो दारात यीऊन बसंल."

म्हणजे अकरा कार्डं सगळ्यांची होती आणि बारावं एकट्या मालनबाईंचं. मग ते ताईला कसं ओळखीचं निघालं? माझा हुरूप थोडा ओसरला. मी मनाशी म्हटलं, ताईला स्वतःलाच सुचलं असेल. दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकत नाही का?

"मला बी बांध की," आई म्हणाली. ती इतका वेळ चहा वाटत होती. "साऱ्या गावाला बांधली. मी काय सवत हाये का?"

मी हसत तिला पट्टी बांधली. पहिली अकरा कार्डं झाली. मग बारावं आलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर लहर उठली. उंच आणि स्वच्छ. दुसऱ्या खेपेलाही तेवढीच.

मी पट्टी सोडली.

"आई, हे घंटेचं तू कुठं ऐकलंस?"

"कुठं म्हंजे? आगं, तूच नाही का सांगितलं? भोगीच्या दिवशी, फोनवर. म्हणली, आई, एका बाईनं कसलं भारी लिव्हलंय. आन् रडली बी."

मला आठवलं. लख्ख आठवलं. मी गॅलरीत उभी होते, ताई बाहेर गेली होती, आणि ते पत्र माझ्या पोटात मावत नव्हतं. नाव सांगितलं नव्हतं, खेळ सांगितला नव्हता. आईला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं, असं आमच्या घरात कुणी धरतच नाही.

"आणि तू कुणाला बोललीस?"

"विशीला. आन् कोणाला सांगणार?" आईला माझा चेहरा बघून काही उमगेना. "ती म्हणली, आई, जुन्याकाळचं काहीतरी सांग. मंग सांगितलं. पूर्वी आसं असायचं म्हणून."

आईची ही जुनी खोड आहे. टीव्हीत ऐकलेलंही ती 'पूर्वी असं असायचं' म्हणून सांगते आणि आम्ही डोळे झाकून खरं मानतो. ताईनं ते जुनी रीत म्हणून घेतलं होतं. चोर कुणीच नव्हतं. पण पत्र फुटलं होतं, आणि ते मी फोडलं होतं. कोठावद्यांच्या तोंडावर मी ठणकावून सांगितलं होतं की अक्षरानं बोलले नाही. मला माझीच लाज वाटली.

*

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बारावं कार्ड दाखवू नकोस."

"काय?"

"अकरा पुरेशी आहेत. दहा म्हातारी माणसं, अकरा कार्डं. पट्टी इथं चालत नाही हे सिद्ध होतं. मी सुटते, तूही सुटतेस. बारावं मलाच सुचलं असं म्हणेन. कोण नाही म्हणणार?"

"मालन तुपे नाही म्हणतील."

"तिला कळणारच नाही. तिचं पत्र न वाचता नष्ट झालंय, तिला तसं लेखी गेलंय." हे बोलताना ताई माझ्याकडे पाहत नव्हती. "मित्रा, तीन वर्षं घातलीत मी यात. आणि तुझी नोकरी जाईल, ते वेगळंच. कुणासाठी? जिला तू पाहिलेलं नाहीस तिच्यासाठी?"

"ती जे लिहिते ते तेच आहे ना ताई? न पाहिलेल्या माणसासाठी?"

"मला प्रवचन देऊ नकोस!"

"देणार. आजोबांच्या सावडीवर कुणी स्वतःचं नाव लावलं असतं तर तू काय केलं असतंस? घर डोक्यावर घेतलं असतंस. मग तिच्या घंटेवर आपण आपलं नाव लावायचं?"

ताई उठली. "जा, तुला करायचं ते कर," म्हणाली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. समितीच्या दिवसापर्यंत आम्ही बोललो नाही. भाजीवरही नाही.

मला भीती वाटत होती. ताईचं जन्माचं काम माझ्या एका वाक्यावर होतं. पण बारावं कार्ड पिशवीतून काढून ठेवायला हात काही उचलला नाही. मी ठरवलं ते ठरवलं.

*

समिती म्हणजे तीन माणसं. संचालिका वैशंपायन मॅडम, कोठावदे आणि बाहेरून बोलावलेले एक मेंदूतज्ज्ञ. ताई टेबलाच्या टोकाला बसली होती. मी सगळ्या रेघा पडद्यावर लावल्या. आधी अकरा कार्डं. मेंदूतज्ज्ञ पुढे सरकून पाहायला लागले.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पट्टी ओळख सांगते, उगम नाही. हे मी कधीपासून सांगतोय, पण कुणाला गावाला जाऊन बघावंसं वाटलं नाही."

वैशंपायन मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. मी तिथंच थांबू शकले असते. मी बारावं कार्ड लावलं.

आईची लहर, दहा सपाट रेघा, भोगीचा फोन. सगळं सांगितलं. "पत्र माझ्याकडून फुटलं. ताईला ठाऊक नव्हतं. सावड गावाची आहे. घंटा मालन दत्तू तुपे यांची आहे."

कोठावद्यांनी चष्मा काढला.

"उपाय सोपा आहे. घंटा काढून टाका. खेळातून आणि कागदातून. त्या बाईंना काही सांगायचं नाही."

"आणि त्यांचं काय?" मी म्हणाले.

"संघमित्रा, मी राक्षस नाही. त्या नऊशे दाव्यांच्या कंपनीत मीच कामाला होतो. आम्ही पहिल्या चाहत्याला प्रेमानं आत घेतलं, त्याचं नाव लावलं. मग हजारो आले. प्रत्येकाला वाटत होतं की हे माझंच आहे. अर्ध्यांना ते मनापासून वाटत होतं. दोनशे माणसं घरी बसली. एका घंटेसाठी मी हे दार पुन्हा उघडू?"

त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. वैशंपायन मॅडम ताईकडे वळल्या. "विशाखा, घंटा काढली तर तुझं काही अडतं का?"

आता ताईनं फक्त 'नाही' म्हणायचं होतं. खेळ दिवाळीला निघाला असता, तिची नोंद स्वच्छ राहिली असती.

"अडतं," ताई म्हणाली. "घंटा काढली की उरतो तो देण्याघेण्याचा हिशेब. तसे खेळ शंभर आहेत. मॅडम, गेले कित्येक महिने मी तो आवाज ऐकत झोपलेय. आईची गोष्ट म्हणून केलं मी हे. ती त्या बाईंची आहे, तर त्यांना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर सगळं काढते, माझ्या हातानं. न विचारता काढणार नाही आणि न विचारता ठेवणारही नाही."

मी पत्राखालच्या नंबरावर फोन लावला. कोठावदे "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पलीकडून सायरनचा आवाज आला.

"कोण? पटकन बोला, गाडी भरलीय!"

"मालनबाई, मी 'घाटवाट'मधून बोलते. तुमच्या पत्राबद्दल..."

"दहा मिनिटं. पेशंट उतरवते नि करते."

फोन बंद. चार हुशार माणसं आणि मी, सगळे त्या फोनकडे बघत बसलो. बारा मिनिटांनी तो वाजला. मी आवाज मोठा केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. कोठावद्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"म्हणजे," मालनबाई सावकाश म्हणाल्या, "मला आलं होतं, न वाचता नष्ट केलं. ते खोटं होतं?"

"हो."

"पहिलं ते बंद करा. माणूस मेला असेल तर मेला म्हणून सांगावं, जिवंत असेल तर जिवंत. मी नातेवाइकांशी खोटं बोलत नसते."

"बाई," कोठावद्यांना राहवलं नाही, "तुम्ही आमच्यावर दावा लावणार आहात का?"

"कोण बोलतंय हे? वकील? साहेब, मला जेवायला वेळ मिळत नाही. पण असं बघा, फुकट गेलेलंही मला चालणार नाही. नाव लावा. मालन दत्तू तुपे, पूर्ण. मालन टी. नको. नि मला आधी दाखवा काय केलंय ते. मला पटलं तर ठेवा."

"आणखी?" वैशंपायन मॅडमनी विचारलं.

"माझ्यासारखी पत्रं येत असतील ना अजून? ती ज्यांनी वाचायला पाहिजेत त्यांना वाचू द्या. आवडलं तर त्या माणसाला विचारा. नाही आवडलं तर नाही म्हणा. आम्हाला नाही ऐकायची सवय असते हो."

कोठावद्यांनी कागद ओढला. मला वाटलं, आता नकार लिहिणार. त्यांनी लिहिलं, 'पत्र आल्याची तारीख, कार्डं, आणि गावात किंवा इतरत्र आधीपासून ओळखीचं असलेलं वेगळं काढणं.' मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उगम शोधायची ही रीत आधी असती तर त्या नऊशेंतले निम्मे दावे उभेच राहिले नसते."

सहा महिने करून बघायचं, असं ठरलं. ताईची नोंद स्वच्छ राहिली. माझी नोकरी त्याच दुपारी गेली. पत्र फोडलं आणि पट्टी बाहेर नेली, दोन्ही खरंच होतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. वाईट वाटलं का? वाटलं. जिन्यात बसून रडले मी. ताई वर कामात होती. तिला न कळवताच निघाले.

*

सोमवारी सकाळी मालनबाई येणार होत्या. माझा नंबरच त्यांच्याकडे होता, म्हणून मी त्यांना घ्यायला कंपनीच्या फाटकाशी उभी राहिले. निळी साडी, खांद्याला शबनम, पायांत कामावरचे बूट. वय पन्नाशीचं, चाल माझ्यापेक्षा वेगवान.

"तुम्हीच का पत्र वाचणाऱ्या? चला."

"तुम्ही जा. तिसरा मजला. माझं कार्ड बंद झालंय, मला आत सोडत नाहीत."

"का?"

मी सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मार कुठं लागलाय ते तपासल्यासारखं. मग पायरीवर बसकण मारली.

"अहो, वर वाट बघतायत!"

"बघू द्या. मी माणूस रस्त्यात ठेवून पुढं जात नसते."

रखवालदारानं वर फोन केला. पाच मिनिटांनी कोठावदे दोन पानी करार हातात घेऊन उतरले, आम्हाला पायरीवर बघून गोंधळले आणि म्हणाले, "बाई, इथं उन्हात?"

"ह्यांना आत घ्या, नाहीतर तुम्ही बाहेर या. मला दोन्ही चालतं."

कोठावद्यांनी नियम आठवून पाहिला. पायरीबद्दल कुठला नियम नसावा. तेवढ्यात मागून ताई आली. लॅपटॉप छातीशी धरलेला, डोळे सुजलेले. समितीनंतर ती माझ्याशी बोललेली नव्हती. ती आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली, खांद्याला खांदा लावून. तिनं लॅपटॉप उघडून मालनबाईंच्या मांडीवर ठेवला.

मालनबाईंनी खेळ सुरू केला. घाटात एक बैल बसलेला होता. खालच्या वळणावरून दुसरा तांडा आला, कुणीतरी अनोळखी माणूस पुढे झाला, ओझं वाटून घेतलं, घंटा बांधली आणि गेला. पायरीवर घंटेचा आवाज आला. मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि ठाम आवाजात म्हणाल्या, "चुकलंय."

कोठावद्यांनी करार घट्ट धरला. वर तिसऱ्या मजल्यावर ताईला आजवर खेळणाऱ्यांपैकी कुणीही, कधीही चुकलंय असं म्हटलेलं नव्हतं. म्हणायची सोयच नव्हती.

ताईनं माझ्याकडून पेन मागून घेतलं. "कुठं चुकलं, सांगा," ती म्हणाली.